होडी नसलेला तारी आणि चिनी शंकासूर

गेल्या पावसातली गजाल. लाइट गेलेली (आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइट आली तर ती सांगण्यासारखी गोष्ट, पण जाऊ दे). मी बोटीवरून साइन ऑफ करून घरी आलेलो, पडवीत बसून मोबाइलवर आधी डाउनलोड करून ठेवलेला व्हिडिओ बघत होतो आणि शेजारी आये बॅटरीच्या उजेडात लसूण सोलत होती.

व्हिडिओ चीनमधल्या सिचुआनकडच्या ऑपेराचा, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाचा. स्टेज साफ रिकामं, ना सीन ना काही. एक म्हातारा तारी हातात वल्हं घेऊन उभा. एक तरुण जोगीण धावत येते, तिचा माणूस पुढच्या होडीने निघून गेलाय आणि तिला त्याला गाठायचंय. तिची घाई बघून म्हातारा मुद्दाम वेळ काढतो, भाड्यावरून घासाघीस, त्या माणसावरून थट्टा, ती इकडे रडकुंडीला आलेली. शेवटी ती होडीत पाय टाकते. आता होडी तर नाहीच आहे, पण ती चढल्याबरोबर तिच्या बाजूचं टोक खाली गेलं म्हणून ती गुडघ्यात वाकते आणि त्याच क्षणाला पलीकडच्या टोकाला म्हातारा टाचा उचलून वर जातो, मग तो खाली, ती वर, परत ती खाली, आणि असं करत करत दोघं हळूहळू स्थिरावतात.

आयेने लसूण ठेवला. "परत लाव रे तां."

तीन वेळा लावला. माझ्या आजोबांची खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, होती, आये लहानपणी त्याच तरीवर वाढलेली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "ह्येका होडी ठावक आसा." तिच्याकडून एवढं कौतुक मला बोटीवरच्या पहिल्या पगारालाही मिळालं नव्हतं.

सिचुआन म्हटलं की सगळे ते भराभर मुखवटे बदलण्याचे रील पाठवतात, हात फिरवला की तोंड लाल, परत फिरवला की काळं. भारी आहे, नाही म्हणत नाही, पण या न दिसणाऱ्या होडीपुढे मला ती हातचलाखीच वाटते.

मला हा नाद लागला तो हाँगकाँगला. दहा-बारा वर्षं झाली असतील. बोट थांबलेली, संध्याकाळची सुट्टी मिळाली, आमच्या एजंटचा माणूस म्हणाला चल, आमच्याकडे देवीचा उत्सव आहे. देवी म्हणजे तिन हाऊ, समुद्राची देवी, मासेमाऱ्यांची आणि बोटीवाल्यांची. चिनी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या 23 व्या दिवशी तिचा वाढदिवस, म्हणजे आपल्या हिशोबाने एप्रिल-मेच्या सुमारास. देवळापुढे मोकळ्या जागेत नुसते बांबू एकमेकांना बांधून अख्खं थिएटर उभं केलेलं, वर पत्रे, खाली शेकडो खुर्च्या. उत्सव संपला की सगळं सोडून घेऊन जातात म्हणे. आणि स्टेजचं तोंड माणसांकडे म्हणून नाही, देवीकडे. देऊळ समोर येत नसेल तर मूर्ती आणून समोर तात्पुरत्या मांडवात बसवतात, कारण खेळ तिच्यासाठी, आपण फुकटचे प्रेक्षक.

मी तिथेच गार झालो, कारण ही तर आमची जत्रा! म्हाताऱ्या बायका खात-पित गप्पा मारतायत, पोरं खुर्च्यांमधून पळतायत, एक आजोबा घोरतायत, आणि स्टेजवर राजा जीव तोडून गातोय, त्याला कोणी बघतंय की नाही याची त्याला फिकीर नाही. फक्त खाज्याचं दुकान तेवढं कमी होतं. त्या माणसाने आणखी एक सांगितलं. थिएटर नवीन जागेवर बांधलं की पहिल्या खेळाआधी वाघाचा विधी असतो, एक नट देव होतो, एक पांढरा वाघ होतो, देव वाघाला मारून साखळीने बांधतो. तो विधी होईपर्यंत स्टेजवर आणि आत कोणी अवाक्षर बोलायचं नाही, बोललं की बाधा. मी म्हटलं बाबा, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय खुर्ची हलत नाही.

घरी आल्यावर यूट्यूबवर तेच शोधायला गेलो आणि फसलो. कँटनकडच्या, म्हणजे हाँगकाँगमध्ये बघितलेल्या प्रकाराला चिनी प्रमाणभाषेत म्हणतात युएजू. तेवढं टाकलं तर समोर आल्या सगळ्या बायका, मिशीचा पत्ता नाही, गोड गाणी, नाजूक नवरदेव. अर्धा तास मी हेच ते समजून बघत होतो. नंतर कळलं की शांघायजवळच्या शाओशिंग भागातला एक वेगळाच प्रकार आहे, त्याचाही उच्चार युएजूच, फक्त चिनी अक्षर वेगळं. तो 1906 च्या आसपास खेड्यातल्या गाण्यांतून सुरू झाला आणि पुढे शांघायला गेल्यावर तिथे पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करायला लागल्या. आपल्या दशावताराच्या, म्हणजे आमच्या जत्रेतल्या नाटकाच्या, बरोब्बर उलटं, तिथे बायकांची कामंही पुरुषच करतात! बेजिंगला मात्र पूर्वी आपल्यासारखंच, पुरुषच नायिका. तिथला मेई लानफांग म्हणजे त्यांचा बालगंधर्व म्हणा, दोघं एकाच काळातले, गंधर्वांचा जन्म 1888 चा, याचा 1894 चा. 1930 ला अमेरिकेत जाऊन खेळ करून आला. आणि जपान्यांनी देशावर चढाई केली तेव्हा त्यांच्यासाठी नाचायचं नाही म्हणून या माणसाने मिशी वाढवली. नायिका करणाऱ्याने मिशी! लढाई संपली तेव्हाच भादरली.

तर चिनी ऑपेरा असा एक कायतरी प्रकार नाहीच आहे, हे मला त्या चुकीतून कळलं. तीनशेच्या वर प्रकार मोजलेत. आपल्याकडेच बघा, सिंधुदुर्गात दशावतार आणि रत्नागिरीकडे वर गेलं की नमन-खेळे, शंकासूर, म्हणजे लोकांना हसवणारा काळा राक्षस, दोन्हीकडे पण चाल वेगळी, बोली वेगळी, आणि बाहेरच्याला दोन्ही सारखंच वाटणार. तिकडेही गोष्टी बऱ्याचदा त्याच असतात, तेच तीन राज्यांच्या लढाईतले सरदार, लाल तोंडाचा इमानी ग्वान यू, पांढऱ्या तोंडाचा कपटी त्साव त्साव. फरक कुठे, तर चालीत आणि बोलीत. सूचौजवळच्या खुनशानचं खुनछू बासरीवर चालतं, मऊ, संथ, त्यातल्या एका प्रसिद्ध नाटकाचे 55 प्रवेश आहेत आणि ते 1598 चं आहे (खरं सांगतो, मला दुसऱ्या प्रवेशात झोप लागली). तिकडे वायव्येला शान्शीमध्ये छिनछियांग, लाकडी टिपऱ्या कडाकड वाजतायत आणि माणूस गातोय का डोंगरापलीकडच्याला हाका मारतोय कळत नाही. मला तेच जास्त आवडतं. आणि ज्याला सगळे चिनी ऑपेरा म्हणून ओळखतात ते बेजिंगचं, ते बेजिंगचं नव्हतंच मुळात! 1790 मध्ये छिएनलुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आन्हुईकडच्या कंपन्या राजधानीत आल्या, नंतर हुबेईकडचे आले, दोघांच्या चाली मिसळल्या आणि त्यातून ते तयार झालं. बाहेरून आलेल्या कंपन्यांचं नाटक राजधानीचं म्हणून जगभर गाजलं.

पण मला जी गोष्ट सगळ्यात आवडली ती अजून सांगितलीच नाही. बेजिंगच्या नाटकात राजे, सरदार, मोठ्या घरच्या बायका बोलतात ती भाषा कोणाच्याच घरात बोलत नाहीत, जुने उच्चार, प्रत्येक शब्द हेलकावे देत, नवख्याला अर्धं डोक्यावरून जातं. आणि विदूषक, नाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका असलेला, त्याला छोउ म्हणतात, तो सरळ बेजिंगच्या गल्लीतलं बोलतो. खुनछूमध्येही तेच, बाकीचे पुस्तकी आणि विदूषक सूचौच्या बोलीत. वाचलं आणि एकटाच हसत बसलो. आमच्या दशावतारात देव आणि राजे "हे देवी, काय हा प्रसंग ओढवला" असं शुद्ध पल्लेदार बोलतात, आणि काळा शंकासूर आला की डायरेक्ट मालवणी, गावच्या सरपंचापासून कोणाचीही खैर नाही!

कँटनवाले तर याच्याही पुढे गेले. त्यांच्याकडे पूर्वी अख्खं नाटकच उत्तरेकडच्या सरकारी भाषेच्या एका नाटकी अवतारात व्हायचं, कँटनच्या माणसासमोर! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हळूहळू राजासकट सगळे कँटनीज बोलायला लागले. दशावतारात राजा मालवणीत बोलला तर कसं वाटेल? आयेला विचारलं. ती म्हणाली, "राजान राजासारख्या बोलूक होया. नायतर शंकासूर कित्याक?" हे तिचं बरोबर वाटतं मला. सगळेच आपल्या बोलीत आले की विदूषकाचं हत्यारच गेलं.

यंदा जत्रेला तिला घेऊन गेलो. अकराला पेटी-मृदंग सुरू झालं, गणपती, सरस्वती सगळं झालं आणि शंकासूर आला, आल्या आल्या पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या नव्या गाडीवरून सुरू झाला. लोक हसून लोळतायत. आयेने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "बघ, तुझो चिनी इलो. नाकाक चुनो लावूक इसारलो मेलो."