काकांशिवायची वारी

यंदा दिंडीत काका नव्हते. माघात गेले. शेवटच्या दिवसापर्यंत हरिपाठ चुकला नाही, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

आळंदीचं प्रस्थान, पुण्याचा मुक्काम नेहमीसारखा झाला. पुणे ते सासवड म्हणजे ३२ किलोमीटरच्या आसपास, वर एकादशीचा उपास. दिवे घाटात मोबाईल धरून वाटेतच उभे राहणाऱ्यांचा इतका राग आला की अभंगाची ओळच सुटली. घाट संपला, झेंडेवाडी मागे पडली आणि टाच पेटली.

माझ्या पहिल्या वारीत सासवडलाच काकांनी पाय मागितला होता. "माउली, इकडे करा." वडिलांच्या वयाचा माणूस, मी पाय ओढून घेतला. त्यांनी आधी पावलाला हात लावून तो कपाळी नेला, मग कोमट मिठाच्या पाण्यात पाय सोडला. म्हणाले, "फोड फोडायचा नाही. कातडी निघाली की उद्या चालता येत नाही." सुई ज्योतीवर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवला. रात्रभर पाणी त्याच्यावाटे झिरपलं. माझ्यामागे रांग होतीच. समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की तळ शांत व्हायचा. काका तेवढे थांबायचे, हात जोडायचे, की पुढचा पाय. टँकर रात्री दोनला आला तरी तेच उठून हंडे भरायचे, बायांच्या आंघोळी उजाडायच्या आत व्हाव्यात म्हणून.

यंदा सुईची डबी दिंडीतल्या एका तरुण मुलाकडे आहे. काकांनीच शिकवलेला, पण हात फार सावकाश. बसून बसून मी वैतागले. दोरा मात्र त्यानं नीट घातला.

जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, फलटण. पाऊस आलाच नाही.

सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. अश्व धावले, टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं पळाली, मीही लावली आणि तिथेच रडू फुटलं. काकांनी हे रिंगण कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी ते आमच्या ट्रकबरोबर पुढे माळशिरसला राहुट्या ठोकत असायचे. संध्याकाळी कुणाचा तरी पाय मांडीवर घेऊन विचारायचे, "माउलींचा अश्व कसा धावला? सांगा की." आम्ही प्रत्येक जण तेच तेच सांगायचो आणि ते प्रत्येकाचं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचे.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी झालं. पंढरीत दर्शनाची रांग पाहून कळसालाच हात जोडले. काकाही तेच करायचे, मग परत तळावर.

पुढच्या वर्षी ट्रकवर, पाण्याच्या कामाला माझं नाव घाला, असं दिंडीप्रमुखांना सांगितलंय. ते म्हणाले, "ताई, रिंगण चुकेल."

चुकू दे.