सगळे बदलले, मग वाचवले काय?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नातेवाइकांपासून उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटर मित्रांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: इंग्लंडमधल्या त्या 1960 च्या दशकातल्या ऑफिस टॉवरची सगळी काच आणि सगळे ॲल्युमिनियम उतरवून तुम्ही नवे बसवलेत, मग वारसा म्हणून राहिले काय? टॉवरचे नाव करारामुळे सांगता येत नाही. तो तिथल्या संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत ‘ग्रेड टू’ दर्जाचा आहे, आणि तिथल्या 1990 च्या कायद्यानुसार अशा इमारतीच्या स्वरूपाला धक्का लावणारे काम परवानगीशिवाय करणे हा फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे ‘पाडून नवाच का नाही बांधला’ या उपप्रश्नाचे उत्तर इथेच संपते.

मुख्य प्रश्न मात्र मला टोचतो, कारण तो रास्त आहे. आपल्याकडच्या दगडी वाड्यात जी भिंत दिसते तीच भार पेलते. या टॉवरमध्ये भार आतला काँक्रीटचा सांगाडा पेलतो आणि तो ठणठणीत होता. यादीत नाव लागले ते बाहेरच्या काचेच्या पडद्यामुळे, म्हणजे सांगाड्यावर टांगलेल्या काच-ॲल्युमिनियमच्या आवरणामुळे, आणि सर्वांत आधी निकामी होणारा भागही तोच. एकेरी काचेतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरमागे सुमारे 5.7 वॉट उष्णता निघून जाते. चांगल्या दुहेरी काचेतून 1.1 ते 1.3. हिवाळ्यात चौकटींवर आतून पाणी ओघळायचे आणि कर्मचारी खिडकीच्या कट्ट्यावर टिश्यू पेपरच्या घड्या घालून ठेवायचे. अशी जागा आज कोणी भाड्याने घेत नाही, आणि रिकामी इमारत यादीत असूनही कुजते.

तरीही आमचा पहिला आराखडा मूळ चौकटी जागेवर ठेवून आतल्या बाजूने दुसरी काच बसवण्याचा होता. तो मीच मांडला होता आणि त्यासाठी भांडलोही होतो. मग नैर्ऋत्येचा कोपरा उघडण्याचा दिवस आला. तिथे वाऱ्याबरोबरचा पाऊस सर्वांत जास्त झोडपतो, म्हणून सुरुवात तिथून. कामगाराने बाहेरची पट्टी काढली. मागचा पोलादी ब्रॅकेट, ज्यावर अख्खी चौकट टांगलेली असते, चिरोट्यासारखा पापुद्रे सुटून फुगला होता. गंजाला मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा लागते, त्यामुळे त्याने शेजारचा ॲल्युमिनियमचा सेक्शनही वाकवला होता. बोटाने दाबले तर तुकडा हातात आला. खाली रस्ता होता, बस थांबा होता. आम्ही आणखी ठिकाणे उघडली; काही ब्रॅकेट बरे निघाले, काही नाही, आणि कुठला बरा हे चौकट उतरवल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. नगरपालिकेच्या वारसा अधिकारी बाईंनी बैठकीत मला एवढेच विचारले, “यातल्या एकाचीही खात्री देता येत नाही, असे तुम्ही सहीनिशी लिहून द्याल का?” मी दिले. आराखडा त्या कागदाने बदलला.

नव्या पडद्याचा नमुना खालच्या मजल्यावर बसवला, तेव्हा मूळ वास्तुविशारदांच्या कार्यालयात उमेदवारी केलेले एक वृद्ध ड्राफ्ट्समन तो पाहायला आले. रस्त्यापलीकडून बराच वेळ बघून ते म्हणाले, “रेघ जाड झाली.” मूळ उभी पट्टी 50 मिलिमीटरची होती, आमची 58 ची. मी कारणे सांगितली: सहा मिलिमीटरच्या काचेचे वजन चौरस मीटरला 15 किलो, दोन काचांचे 30, शिवाय दुहेरी काचेच्या कडेचे सील झाकायला रुंदी लागते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा वरच बघत राहिले.

विशीतला मी असतो तर मलाच म्हणालो असतो की मिलानच्या पिरेली टॉवरकडे बघ. 2002 मध्ये त्यावर विमान आदळले, आणि दुरुस्तीत त्याचे वास्तुविशारद जिओ पॉन्टी यांच्या मूळ ॲल्युमिनियम चौकटी उतरवून, नव्याने ॲनोडाइझ करून (विजेच्या प्रक्रियेने संरक्षक थर चढवून) परत बसवल्या. त्या विशीतल्या मला मी न्यूयॉर्कचे लीव्हर हाऊस दाखवीन: 1952 ची इमारत, 1982 पासून संरक्षित, तरी आतले पोलाद गंजून काचा तडकत गेल्या आणि अखेरीस संपूर्ण पडदा बदलावा लागला. तो म्हणेल, दुसऱ्याने केले म्हणून ते बरोबर ठरत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुम्हाला मात्र एक विचारतो. ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा ‘होते तसेच उभे करा’ असे आपण सगळेच म्हणत होतो, आणि लाकूड नवे असेल म्हणून ते 1915 चे राहणार नाही, असे कोणी म्हटलेले मी तरी ऐकले नाही. काच फुटली की बदलायची, या सवयीमुळे टॉवरला वेगळा न्याय लागतो, असा मला संशय आहे. अर्थात नाट्यगृह आगीने नेले आणि तो पडदा माझ्या सहीने उतरला, हा फरक मला दिसत नाही असे नाही.

सील केलेल्या दुहेरी काचा साधारण 25 ते 30 वर्षे टिकतात. म्हणजे आम्ही बसवलेल्याही कधीतरी उतरणार आहेत. देखभालीच्या फाइलमध्ये मूळ सेक्शनचे रेखाचित्र जोडून मी मालकांना लिहून ठेवले आहे की त्या वेळी तंत्र पुढे गेले असेल, तर पट्टी पुन्हा 50 मिलिमीटरवर आणावी.