बारीहून मातेराला, बसनं

नाश्ता उरकून दक्षिण इटलीतलं बारी सोडलं. शहर मागं पडताच लाल माती, जुनी ऑलिव्हची झाडं आणि बांधांवर आमच्या गुहागरकडे असतात तसे नुसते दगडावर दगड रचलेले गडगे. वाटेतल्या आल्बेरोबेल्लो गावातली शंकूसारख्या छपरांची त्रुल्ली घरंही तशीच, चुना-सिमेंटाशिवाय उभी. सुंदर आहेत, पण मुख्य रस्त्यावर दुकानांचीच गर्दी. तिथला वेळ मातेराला द्यायला हवा होता.

मातेराच्या 'सास्सी' या खडकात कोरलेल्या गुहांच्या जुन्या वस्तीत मोठी बस जात नाही, पायऱ्या उतराव्या लागतात. जुन्या पद्धतीनं मांडून ठेवलेलं एक गुहेतलं घर पाहिलं. उंच पलंग, त्याखाली कोंबड्यांची जागा, आतल्या बाजूला खेचर, जमिनीखाली पावसाच्या पाण्याचं टाकं. अख्खं कुटुंब एवढ्याशा जागेत! आमच्यातल्या एक काकू तिथल्या पाळण्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

१९५२ साली सरकारनं कायदा करून इथल्या सुमारे पंधरा हजार माणसांना नव्या वस्त्यांमध्ये हलवलं. १९९३ला हीच जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. आता त्याच गुहांत हॉटेलं आहेत. मला ते बघून आनंदही झाला आणि गलबलूनही आलं.

पूर्वी इथं पावाची कणीक सार्वजनिक भट्टीत भाजायला द्यायची, म्हणून घराघराचा लाकडी शिक्का असे, पाव ओळखायला. तसला जाड कवचाचा, आतून पिवळसर पाव आम्ही घेतला आणि परतताना बसमध्ये शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सगळ्यांनी मिळून संपवला.