पाच आ आणि दोन अ

माझा भाचा अकरावीत आहे आणि त्याच्या मोबाइलमध्ये भूत शोधायचं ॲप आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी फोन नेला की टीं टीं टीं सुरू. "मावशी, बघ!" मी म्हटलं, आता माझ्या स्कूटरकडे ने. टीं टीं टीं. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो, ॲप त्याचेच आकडे दाखवतं, आणि हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्या दरवाज्याला हे एवढाले लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. पोरगा हिरमुसला. पण हट्टी, माझ्यावरच गेलाय. "बरं, मग आवाजाचं काय?"

आवाज हा माझा प्रांत. एकोणीस वर्षं मी लोकांचे कान तपासते, श्रवणयंत्रं बसवते. म्हणून या प्रश्नाला 'काही नसतं रे' असं उत्तर देणं मला जड गेलं.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे आपल्या काकांकडे, राघोबादादांकडे धावले, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच मारले गेले. त्यांना वाचवायला अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकरही गेला. तेव्हापासून म्हणे दर पौर्णिमेला वाड्यातून हाक येते, "काका, मला वाचवा!" काही जण अमावास्या म्हणतात. आमच्या आजीकडे दोन्ही चालायचं.

मी आधी पंचांग काढलं. त्या दिवशी सोमवार होता, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे पौर्णिमा नाही, अमावास्या तर नाहीच नाही. आणि खून झाला भरदुपारी. ज्या दालनांत तो झाला ती १८२८ च्या आगीत जळून गेली. वाडा कित्येक दिवस धुमसत होता. आज उरलीय ती बाहेरची तटबंदी, दरवाजे आणि आत जोती. भुताला तिथी, वेळ आणि खोली, तिन्ही चुकलेलं असावं हे जरा जास्तच झालं.

पण ऐकणारे लोक खोटं बोलतात असं मला वाटत नाही. इथे माझ्या धंद्यातली गोष्ट येते.

'काका मला वाचवा' हे वाक्य सावकाश म्हणून बघा. का, का, म, ला, वा, च, वा. पाच आ आणि दोन अ. एक इ नाही, उ नाही, ए नाही. दुरून येणाऱ्या आवाजात व्यंजनं आधी मरतात. क म्हणजे नुसता एक टिचका, रस्त्यावरच्या एका रिक्षाखाली तो सहज गडप होतो. च ची फुसफुस भिंत ओलांडेपर्यंत विरते. उरतं काय, तर आ... आ... आ. थोडक्यात, कुठलाही लांबलचक ओरडा या वाक्यात फिट बसतो. उलट कुणी 'मला क्‌-क्‌ स्पष्ट ऐकू आला' म्हणालं, तर मला खात्री पटते की तो क कानात नाही, डोक्यात तयार झाला.

हे रोज बघते मी. शब्दांची यादी वाचताना आम्ही तोंडापुढे कागद धरतो, कारण ओठ दिसले की पेशंट पास होतो. विषय आधी कळला तरी पास होतो. घरात काही ऐकू न येणाऱ्या आजोबांना 'चहा घेणार का' बरोब्बर ऐकू येतं, कारण चार वाजलेले असतात.

तर पौर्णिमेच्या रात्री आम्ही दोघं रेकॉर्डर घेऊन वाड्यासमोरच्या पटांगणात बसलो. आत जाता येत नाही, पण दंतकथेतले ऐकणारे तरी कुठे आत असतात? दहा ते एक. शिवाजी रस्त्यावरच्या ब्रेकच्या किंकाळ्या, कुत्री, एक बाईकवाला, डास. सव्वाबाराला मात्र तटाच्या बाजूने असा काही घोगरा, ओरबाडल्यासारखा आवाज आला की भाच्याने माझं मनगट धरलं. (मीही त्याचं धरलं होतं, पण ते त्याला आठवत नाही.) मग तटावरून पांढरं काहीतरी, अजिबात पंख न वाजवता, नदीच्या दिशेने गेलं. गव्हाणी घुबड. जुन्या भिंतींची भोकं ही त्याची आवडती जागा.

घरी येऊन आवाज कॉम्प्युटरवर उलगडून बघितला. माणूस ओरडला की पडद्यावर एकावर एक समांतर रेघांची शिडी दिसते. ब्रेकची दिसते एखाददुसरी टोकदार रेघ. आमच्या आवाजात रेघ नव्हतीच, नुसता धुरकट फराटा. माणसाचा गळा असा दिसत नाही.

बहिणीला काही न सांगता ते दोन सेकंद ऐकवले. "कुणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय." मग सांगितलं, हे शनिवारवाड्यातलं. परत लावलं. ती हातातलं लाटणं ठेवून म्हणाली, "अगं बाई, काका म्हणतंय!" आणि खरं सांगते, तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मलाही 'काका' ऐकू आलं. समोर पडद्यावर फराटा दिसत असताना.

माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. या खुनाचा तपास त्याच काळात एका माणसाने केला होता. रामशास्त्री प्रभुण्यांनी माणसं तपासली, खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पुणं सोडून वाईजवळ पांडववाडीला निघून गेले. गारद्यांना दिलेल्या हुकुमातल्या 'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं, राघोबादादांच्या बायकोने, आनंदीबाईंनी केलं की त्यांच्या नावावर खपलं, हे खरं कोडं. त्यासाठी मोडी शिकावी लागते, दफ्तरात बसावं लागतं. घुबड ऐकायला चांदणं पुरतं.

भाचा आता म्हणतो, शास्त्रीय प्रयोग करायचा तर बरोबर तिथीला करू, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, भरदुपारी. मी कॅलेंडर बघितलं. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे त्या वेळी अख्ख्या कसबा पेठेत गणपतीचे मांडव आणि लाउडस्पीकर असणार. मी दोघांसाठी कानात घालायचे बोळे काढून ठेवलेत.