चिंधी बांधलेलं टमाटं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलची वाटी झाकून ठेवली आहे. आज तिसरा दिवस. झाकण उचललं की आंबूस वास येतो आणि वर पांढुरकी साय धरलेली दिसते. घरात येणारं प्रत्येक माणूस नाक आक्रसून विचारतं, "काही नासलंय का गं?" मी म्हणते, "नासलं नाही, नासवलंय."

टमाट्याचं बी धरायचं म्हणजे आधी ते असं नासवायचं. पिकलेल्या टमाट्याच्या पोटात ओल असते, ऊबही असते. तरी बी आतच कसं उगवत नाही, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलाच नव्हता. प्रत्येक बियेभोवती जो बुळबुळीत गर असतो ना, त्यात उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. रानात पडलेलं फळ सडतं, गर विरघळतो आणि बी मोकळं होतं. मी तेच वाटीत करते. बी-गर काढायचा, घोटभर पाणी घालायचं, रोज एकदा ढवळायचं. थंडीत तीन दिवस लागतात, उन्हाळ्यात दोनही पुरतात. विसरलं तर वाटीतच कोंब फुटतात. मग भरपूर पाणी ओतलं की चांगलं बी तळाशी बसतं आणि पोचट बी सायीबरोबर वर येतं. ते ओतून द्यायचं आणि राहिलेलं गाळणीत घेऊन नळाखाली चोळून धुवायचं. (गाळणी चहाची नको. ही सूचना एका सकाळच्या चहानंतर अमलात आली.)

पहिल्या वर्षी मी ते बी पेपरवर वाळत घातलं होतं. वाळलेल्या टमाट्याच्या बियेवर बारीक करडी लव असते, मखमलीसारखी. त्या लवेनं बी कागदाला असं चिकटलं की नखानं खरवडूनही निघेना. शेवटी पेपरचे तुकडे करून तसेच कुंडीत पेरले. एका रोपाच्या बुडाशी 'वधू पाहिजे'चा अर्धा मजकूर बरेच दिवस वाचता येत होता.

तसं ते बी उगवलं झकास. पण ते बाजारच्या टमाट्याचं, लांबट, जाड सालीच्या, आठवडाभर टोपलीत ढिम्म राहणाऱ्या टमाट्याचं. सहा रोपं लावली तर सहा तऱ्हा झाल्या. एक नुसतंच वाढत सुटलं, एकाला बोराएवढी फळं आली, एक रुसूनच बसलं. संकरित वाणाचं असंच असतं. दोन वेगळ्या आईबापांपासून मुद्दाम घडवलेलं पहिलं लेकरू गुणी निघतं. त्याच्या लेकरांत मात्र आज्या-पणज्यांचे गुण जसे येतील तसे येतात. बी धरायचं तर सरळ वाणाचं, 'पुसा रुबी'सारखं. नाहीतर गावाकडचं. टमाट्याचं फूल बहुतेक वेळा आपल्याआपणच फळतं, त्यामुळे शेजारच्या गच्चीवर दुसरं टमाटं असलं तरी सरळ वाणाचा वाण सहसा मोडत नाही.

गावाकडचं मला आठवडी बाजारात मिळालं. एका म्हातारीच्या पाटीत होतं: चपटं, कडेला चुण्या पडलेलं, देठापाशी हिरवट. आंबट असं की चटणीला चिंच लागत नाही. तव्यावर लसूण, हिरवी मिरची, हे टमाटं, वरून दाण्याचा कूट आणि ज्वारीची भाकरी. यापुढचं काही लिहीत नाही.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, माझ्या या वाटीप्रकरणाचं सुरुवातीला हसू यायचं. त्यांचं सगळं आयुष्य बी धरण्यात गेलेलं. रानातल्या वेलावरचा सगळ्यात देखणा दोडका त्या लुगड्याची चिंधी बांधून सोडून द्यायच्या. चिंधी दिसली की त्याला कुणी हात लावायचा नाही, मग घरात भाजी नसली तरी. भोपळ्याचं, काकडीचं बी शेणात थापून भिंतीला लावायचं. वांग्याचं राखेत घोळून गाडग्यात. त्या सांगत होत्या, "चांगलं ते बियाला अन् उरलंसुरलं ते आपल्याला. लई जीव जायचा बग दोडक्याकडं बघून." दोडका, भेंडी यांचं बी पक्कं होईपर्यंत फळ जरड होऊन जातं, ते खायचं विसरायचंच. टमाट्याचं तसं नाही. ते खाण्याजोगं पिकलं की बीही तयार झालेलं असतं. गर वाटीत, फोडी कढईत. आत्याबाईंना हे पटत नाही. खाऊन वर बीही धरायचं, यात त्यांना काहीतरी लबाडी वाटते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीची गोष्ट. भांडी धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही दोनदा वापरत होतो, तिथं गच्चीवरच्या कुंड्यांना कोण विचारतंय? तशीही चाळिशीच्या वरच्या उन्हात टमाट्याची फुलं गळूनच जातात. त्या वर्षी तर झाडंच वाळून कडक झाली. मी हळहळत होते तर आत्याबाई म्हणाल्या, "झाड जातंच की. बी हाय नव्हं डब्यात?" होतं. कागदाच्या पुडीत, काचेच्या बरणीत, फ्रीजच्या दारात. पुढच्या वर्षी मृगात पेरलं आणि आठव्या दिवशी वर आलं. कोरडं ठेवलं तर टमाट्याचं बी चार-पाच वर्षं टिकतं. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे दाणे बसतात, म्हणजे त्या चिमूटभर पुडीत अख्ख्या गल्लीला पुरेल इतकं टमाटं होतं. गल्लीला वाटलंही. शेतकऱ्यानं आपलं बी राखावं, पेरावं, वाटावं, ब्रँड न लावता विकावं, हा हक्क २००१ च्या कायद्यात लिहिलेला आहे. हे मी आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्याआधी काय चोरून पेरत होतो का आम्ही?"

गेल्या वर्षी त्यांनी हट्टच धरला की बी राखेत घोळायचं, चिकटतही नाही आणि किडतही नाही. खरं आहे, पण गॅसच्या घरात राख आणायची कुठून? उदबत्तीची पुरेना. शेवटी आमचे हे हायवेवरच्या 'चुलीवरचं मटण' लिहिलेल्या ढाब्यावर गेले आणि मालकाकडे राख मागितली. मालकानं आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवी भरून दिली. माणूस नुसती राख घेऊन कसा परत यायचा, म्हणून सोबत एक पार्सलही आलं. आत्याबाई माळकरी. पार्सल बघून त्यांनी राखेलाही हात लावला नाही. "मटणाच्या चुलीची राख बियाला? इटाळ झाला." राख शेवटी भांड्यांना गेली आणि बी माझ्या पद्धतीनं चिनीमातीच्या बशीत, सावलीत, रोज हलवत वाळलं.

यंदा संक्रांतीनंतर एका सकाळी गच्चीवर गेले तर सगळ्यात मोठ्या टमाट्याच्या देठाला हिरव्या काठाची चिंधी. गुडघे धरून, दोन जिने चढून त्या कधी गेल्या कुणास ठाऊक. मी खाली येऊन म्हटलं, "आत्याबाई, याला नाही लागत चिंधी." त्या म्हणाल्या, "असू दे."

आठ दिवस ते टमाटं लाल होत गेलं आणि आम्ही सगळे येताजाता त्याच्याकडे नुसतं बघत होतो. परवा सकाळी बुलबुलानं ते अर्धं खाऊन टाकलं. चिंधी जिथल्या तिथं. मी ते तसंच तोडून खाली आणलं. आत्याबाईंनी उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्धं हाय की अजून. आण तुझी ती वाटी."