आवरायला घेतलं कपाट...

आज पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं आणि दुपारभर तिथेच फतकल मारून बसले. हाताला लागलं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, या आशेने निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या बंडात सापडतो. झाशीच्या वेढ्यात अडकतो, लुटला जातो, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो! इतिहास असा धडाडून पेटलेला आणि याचा जीव कनवटीच्या पैशांत. मला तर तेच फार आवडलं. वाचलं नसेल तर आधी हेच घ्या.

रात्री झोपताना 'रारंग ढांग' चालू आहे, दुसऱ्यांदा. मुद्दाम रेंगाळत वाचतेय. एक जाडजूड, खूप गाजलेली कादंबरी मात्र साठाव्या पानावर मिटून ठेवली. (नाव विचारू नका, भेट मिळालीय, आणि देणारी व्यक्ती ही पोस्ट वाचणार.)

तुमच्या उशाशी सध्या काय आहे? प्रवासवर्णनं आणि कथासंग्रह आधी सुचवा. आत्मचरित्रं थोडे दिवस नकोत, पोट भरलंय.

कपाट? ते अजून तसंच आहे.