सावली गायब, बूट ओले: सिंगापूरचे चार दिवस

निघायच्या आधी आठवडाभर मोबाईलवर सिंगापूरचं हवामान बघत होतो आणि रोज तेच, ढग, वीज, कमाल ३३, किमान २५, म्हटलं झाला ट्रिपचा बट्ट्याबोळ. तिथे गेल्यावर कळलं की वर्षाला साधारण १७० दिवस पाऊस पडतो, त्यामुळे त्या चिन्हाला घाबरण्यात अर्थ नाही, बघायचं ते कितीला पडणार एवढंच.

मार्चचा चौथा आठवडा मुद्दाम निवडलेला. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटर उत्तरेला, त्यामुळे या दिवसांत सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पण बाराला नाही, एक वाजून गेल्यावर, कारण तिथलं घड्याळच सूर्याच्या तासभर पुढे लावलंय. भर उन्हात दिव्याच्या खांबाची सावली शोधत उभा राहिलो (लोक बघत होते, बघू देत), खांबाला सावलीच नाही आणि माझी बुटांच्या आसपास कुठेतरी गोळा झालेली! कर्कवृत्त ते मकरवृत्त या पट्ट्यात सूर्य असा वर्षातून दोनदा डोक्यावर येतो हे शाळेत पाठ केलं होतं, समजलं त्या दिवशी घामाच्या धारांत.

त्याच दुपारी बोटॅनिक गार्डनमध्ये होतो. सकाळी कापसासारखे दिसणारे ढग तीनपर्यंत मनोऱ्यासारखे वाढले, पान हलेना, जीव नुसता कासावीस, आणि मग एकदम गार वाऱ्याचा झोत आला. वाटलं सुटलो, पण तो झोत म्हणजे ढगातून पावसाबरोबर खाली आलेली थंड हवा, दोन मिनिटांत सर आली आणि शेडपर्यंत पळेतो बुटांत पाणी. जमीन तापते, दमट हवा वर जाते, समुद्रावरून वारे आत येऊन तिला आणखी ढकलतात, वर वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तिने ढग अजून चढतो, इथे हे ढग १५ किलोमीटरच्याही वर जातात. तासाभरात खेळ खलास, आणि शेजारचा रस्ता चक्क कोरडा!

मला सगळ्यात गंमत वाटली ती ही की इथे मे आणि जानेवारीच्या सरासरी तापमानात दोनेक अंशांचाच फरक, पण एकाच दिवसात दुपार आणि पहाट यांच्यात सात-आठ अंशांचा, म्हणजे ऋतू काय ते चोवीस तासांतच उरकतात. उकाडा एवढा असूनही ३७ च्या वर पारा कधी गेल्याची नोंद नाही, चहूकडे समुद्र आणि दुपारी ढगांची छत्री. चक्रीवादळंही इथे सहसा होत नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला जो पीळ बसतो तो विषुववृत्ताजवळ नसल्यातच जमा. तरी २००१ च्या डिसेंबरमध्ये 'वामेई' नावाचं चक्रीवादळ इथेच जवळ, विषुववृत्तापासून दीड अक्षांशाच्याही आत तयार झालं होतं, नियमाला फाटा तो एवढाच.

बूट मात्र बाल्कनीत दोन दिवस ठेवूनही वाळेनात, हवेतच इतकी वाफ की बुटांतली जाणार कुठे. शेवटी खोलीत एसीसमोर ठेवले, तो हवेतलं पाणी काढून घेतो ना, सकाळी खडखडीत. घातले, बाहेर पडलो आणि चष्म्यावर धुकं.